औषधाचे वाटे

अन्याय झाला तो आमच्या महाडच्या धर्मार्थ दवाखान्यातल्या कंपाउंडरवर. दिवस शिमग्यानंतरचा पहिला सोमवार, वेळ सकाळी दहाची, जागा दवाखान्याची पुढची पायरी. कमिटीच्या चौघांनी तिथे उभं राहून, भरल्या गर्दीसमोर, त्यांच्याकडून औषधाच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. कारण लिहिलं, "औषध अडवून ठेवणे." हे शब्द कमिटीचे नव्हते. ते माझ्या पत्रकातून उचललेले होते. पत्रकाचा मथळा होता, "औषध कपाटात, माणसं मसणात!" मला तो फार आवडला होता. एस.टी.च्या थांब्यावर उभं राहून मी स्वतः ती पत्रकं वाटली होती.

तेव्हा ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं चित्र काढायला माझ्याइतका नालायक माणूस दुसरा नाही. पण बाकीचे काढत नाहीत. म्हणून मी काढतो.

सगळे त्यांना काका म्हणायचे. अंगात खाकी कोट, बारा महिने. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. चहाच्या दुकानात स्वतःचा कप घेऊन जायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "तुझ्या कपाला नावं ठेवत नाही, माझ्या तोंडाला ठेवतोय." डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तपासायचे, सह्या करायचे. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे काका.

माणसांना ते सरसकट अरे-तुरे करायचे. रोग्याला करायचे, कमिटीच्या अध्यक्षांना करायचे, एकदा तर पाहणीला आलेल्या मामलेदारांना म्हणाले, "तू जरा उजेडातून बाजूला हो." अहो-जाहो फक्त एकाच मंडळींना. क्षयाच्या जंतूंना.

थुंकीची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची, एक डोळा मिटायचा आणि विचारायचं, "आहात का?" लाल काड्या दिसल्या की, "आहेत. बरेच जण आहेत." नाही दिसल्या तरी खूश व्हायचे नाहीत. "आज दर्शन नाही दिलं. म्हणून गेले असं समजायचं नाही."

सूक्ष्मदर्शक त्यांचा स्वतःचा. बायकोच्या जुन्या रेशमी लुगड्यात गुंडाळून ठेवलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लुगड्याला हात लावलेला त्यांना चालायचा नाही, सूक्ष्मदर्शकाला एक वेळ चालायचा.

मी एकदा चिडून म्हटलं, "काका, जंतूला कसला मान देता?"

"तुझ्या पणज्याला कुणी नेलं रे?"

"खोकल्यानं गेला म्हणतात."

"आणि त्याच्या भावाला?"

"तोही तसाच."

"म्हणजे घरातली दोन कर्ती माणसं ज्यांनी नेली, त्यांना तू ओळखत नाहीस. आणि मला विचारतोस मान कसला."

ओळख त्यांची जुनी होती. तरुणपणी स्वतःलाच क्षय झालेला. घाटावरच्या एका सॅनिटोरियममध्ये तीन वर्षं पडून होते. तेव्हा गोळ्या नव्हत्या, इंजेक्शनं नव्हती. खाटेवर हवा खात पडायचं आणि डॉक्टर एका बाजूचं फुप्फुस मिटवून टाकायचे. खांदा खाली गेला तो तिथे. जगले-वाचले, आणि तिथल्याच प्रयोगशाळेत काचा धुवायला राहिले. काचा धुता धुता बघायला शिकले.

"बरे झालात ना पण?" मी विचारलं होतं.

"बरा कसला? बिऱ्हाड आहे अजून त्यांचं," असं म्हणून त्यांनी उजव्या छातीवर दोन बोटांनी टकटक केलं. "निजलेत. मी त्यांना उठवत नाही, ते मला उठवत नाहीत."

म्हणून सकाळी आठला उकडलेलं अंडं आणि दुपारी चारला मूठभर शेंगदाणे-गूळ. समोर कोणी का असेना. अंगावर ताण पडला, पोट रिकामं राहिलं, की निजलेले उठतात, ही त्यांची पक्की समजूत. एकादशीलाही अंडं चुकायचं नाही. आमच्या आळीत त्यावरून पुष्कळ नाकं मुरडली गेली. काका म्हणायचे, "माझा उपास मला पुण्य देईल रे, पण जेवायला ते उठतील."

आता आनंदीबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा कारभार शेवटी तिच्या जिवावर आला.

आनंदी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळीच्या वाटेवरून आत गेलं की एक वाडी आहे, तिथली. वय असेल बावीस-तेवीस. नवरा हरी मुंबईला गिरणीत. तो गणपतीला आला तो खोकत आला आणि परत गेला तो खोकला बायकोपाशी ठेवून. मुंबईच्या इस्पितळानं त्याला दाखल करून घेतलं. ही इकडे ताप अंगावर काढून नाचणी कांडत राहिली. काकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन लुगडी एकावर एक नेसून बसली होती, कार्तिकातल्या उन्हात.

औषध दोन जातींचं. एक बारीक पांढरी गोळी, आणि तिच्या जोडीला पुड्या. गोळी कोणीही खाईल. पुडी घशाखाली उतरली की आतडं वर यायचं, इतकी ती वाईट. म्हणून काका औषध घरी न्यायला देत नसत. आपल्यासमोर गिळायचं. लांबच्या रोग्यांची त्यांनी गावातच कुठे कुठे सोय लावलेली. आनंदी महाडला मावशीकडे राहिली ती त्यासाठी.

गिळून झालं की, "उघड. जीभ वर. गाल दाखव." एवढ्यावरही भागायचं नाही. गालात गोळी दाबून ठेवणारे महाभाग त्यांनी सॅनिटोरियमपासून पाहिलेले. म्हणून शेवटची परीक्षा असायची. पुरुषांनी दिडकीचा पाढा म्हणायचा, बायकांनी उखाणा घ्यायचा. तोंडात काही असलं की उखाणा अडखळतो, असा त्यांचा शोध. सकाळी दवाखान्यावरून जाणाऱ्याला आत मास्तर आहे की लग्नघर आहे ते कळायचं नाही.

आनंदी पहिले चार दिवस लाजली. पाचव्या दिवशी तिनं पदर खोचून उखाणा घेतलाच,

"आंबेनळी घाटामधी मोटार घेते वळण,
काकांची गोळी गिळून, हरीरावांचं करते दळण."

"अडखळली नाही," काका गंभीरपणे म्हणाले. "उद्या नवा."

"रोज नवा कुठला आणू, काका?"

"रोज नवी पुडी मी आणतो ना?"

तीन महिन्यांत ताप गेला, खोकला गेला, गालावर मांस चढलं. मग एके दिवशी ती म्हणाली, "काका, आता बंद करते. मला काय बी होत नाय. भूक अशी लागते का मावशी भाकऱ्या मोजते माझ्या."

मी तेव्हा तिथेच होतो. काकांनी हातातलं काम ठेवलं.

"वैशाखात तुझ्या खाचरात कुर्ल्या दिसतात?"

"नाय."

"मरतात?"

"मरत्यात कुठल्या! बांधात बिळं करून, तोंडाला माती लिंपून बसत्यात."

"पाऊस पडला की?"

"येत्यात ना भायेर, डेंगे वर करून."

"तुझ्या छातीत तेच चाललंय. अंगातली पांढरी पेशी त्यांना गिळते, मारायला. ते तिच्याच पोटात बिऱ्हाड करतात. तिथं हवा बेताची, खायला नाही, वरून तिचा जाळ. दुसरा कोणी असता तर संपला असता. हे काय करतात? खाणं कमी करतात, वाढणं थांबवतात, अंगावरचं मेणकापड घट्ट ओढतात आणि बसतात. आपली गोळी वाढत्यांना मारते. बसलेल्यांना ती गोळी पोचतच नाही. म्हणून आपण बिळाच्या तोंडाशी वर्षभर उभं राहायचं. आले बाहेर की हाणायचं."

"वरीस?"

"दीड. वर्ष तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो."

आनंदीनं कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आली.

आणि मी? मी काकांच्या तोंडून हे सगळं ऐकूनही गाढवच राहिलो. कारण माझं लक्ष दाराबाहेर होतं. मुंबईहून कोणा दात्यानं औषधाची पेटी पाठवली होती. अकरा माणसांना पूर्ण काळ पुरेल एवढी. बाहेर ओट्यावर चाळीसेक माणसं खोकत होती. काकांनी आधीच सुरू असलेले धरून पहिली अकरा नावं घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं. बाकीच्यांना मुंबईच्या इस्पितळांच्या नावे चिठ्ठ्या लिहून दिल्या, अंडी खा, वेगळे निजा, थुंकी जाळा, असं सांगितलं. मुंबईला जायचं तर कोणाच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती.

"चाळीस माणसं बाहेर, आणि तुम्ही अकराच जणांना देता?" मी विचारलं.

"हो."

"हा न्याय झाला?"

"न्याय नाही झाला. औषध झालं."

"सगळ्यांना थोडं थोडं द्या!"

"थोडं दिलं की त्यांच्यातले कच्चे मरतात. पक्के उरतात. मग पक्क्यांचीच पोरं. ती दुसऱ्याच्या छातीत जातात ती गोळीला हसतच जातात. मला ही शाळा उघडायची नाही."

मी म्हटलं, जंतूंची काळजी आहे, माणसांची नाही. घरी गेलो आणि पत्रक लिहिलं. एका बैठकीत लिहिलं. त्यात समान वाटपाची मागणी केली, आणि दाखला दिला तो नेमका आनंदीच्या वाडीचा. त्या वाडीत शिकार झाली की रानडुकराचे वाटे पडतात. पळसाच्या पानांवर, घरटी एक. विधवेलाही वाटा, मुंबईला असलेल्यालाही वाटा. वाटे करायचा मान धोंडबाचा. धोंडबा आनंदीचा चुलत सासरा, सत्तरीचा, आणि त्याच्या वाटणीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. मी लिहिलं, "अडाणी म्हणवणाऱ्या वाडीला जे कळतं ते शिकलेल्या कंपाउंडरला कळत नाही काय?"

कमिटीनं पत्रक शब्दशः घेतलं. काकांकडून किल्ली घेतली आणि वाटे करायला धोंडबालाच बोलावणं धाडलं. म्हणजे तक्रारीला जागाच नको.

तो सोमवार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पत्रक वाचून तालुकाभरातून खोकणारे आले होते, चाळिसांचे अडीचशे झाले होते; अंगणात तेवढी पळसाची पानं मांडलेली. धोंडबानं मुंडासं सोडून बाजूला ठेवलं, हात धुतले. एकेक गोळी मोजून पानावर. पुड्या वेगळ्या मोजून. मग रिवाजाप्रमाणे पाठ करून उभा राहिला. एकानं पानावर बोट ठेवून ओरडायचं, "हा कुनाचा?" आणि धोंडबानं न बघता नाव घ्यायचं. म्हणजे कोणावर मेहेरबानी नाही. आनंदीच्या नावाचंही एकच पान आलं. तिच्या वर्षभराच्या गोळ्या त्या अंगणात पसरलेल्या होत्या, आणि तिनं तीन आठवड्यांचं पान ओच्यात बांधून घेतलं. तिनं एकदा काकांकडे पाहिलं. सासऱ्याच्या वाट्याला ती काय बोलणार?

काका पायरीवर उभे होते. संपल्यावर खाली आले.

"धोंडबा, वाटे चोख केलेस."

"हाताला सवय हाय."

"एक घर विसरलास पण."

"कंचं?" धोंडबा दचकला. त्याच्या जन्मात कोणी असं म्हटलं नव्हतं.

"ते," काका म्हणाले, आणि स्वतःच्या छातीवर दोन बोटं आपटली. "असू दे. ते आपला घेतील. सगळ्यात मोठा घेतील."

लोक हसले. मीही हसलो.

पुढचे तीन आठवडे माझं राज्य होतं. खरंच सगळ्यांना उतार पडला. ताप गेले, माणसं जेवायला लागली. मला ओट्यावर बसवून हार घातला. काका वाटेत भेटले. "हार घातला म्हणे. शोभला असेल." पुढे गेले, परत वळले. "पुड्या कोण खातंय का बघितलंस?"

नव्हतं बघितलं. नंतर पाहिलं तर पुड्या खळ्यात, उकिरड्यावर, एका घरी तर कोंबड्यांपुढे. समोर बसणारं कोणी नव्हतं. सगळ्यांनी पांढरी गोळी तेवढी खाल्ली होती, आणि तीही बरं वाटेपर्यंत. दोन शहाण्यांनी तर उरलेली पुढच्या आजारपणासाठी पेटीत जपून ठेवली होती.

आषाढात आनंदीला डोलीत घालून वाडीवरून पोलादपूरला उतरवली. खोकल्यातून रक्त पडत होतं. काकांनी काच बघितली. "सगळे आहेत," एवढंच म्हणाले. गोळ्या त्यांनी कुठून कुठून मागून आणल्या, स्वतः समोर बसून दिल्या. ताप हटला नाही. मग थुंकी मुंबईला पाठवली. तिथे ती अंड्याच्या लेपावर पेरतात आणि उगवायची वाट बघतात. दोन महिने. हे जंतू कशाचीच घाई करत नाहीत.

उत्तराचा कागद घेऊन काका माझ्या घरी आले. मी जेवत होतो. "वाच," म्हणाले. "मोठ्यानं. तुझा आवाज चांगला आहे."

मी वाचलं. आनंदीच्या छातीतले जंतू आता त्या गोळीला दाद देत नव्हते.

मी पाटावरून उठून त्यांचे पाय धरायला गेलो तर पाय मागे घेतले. "माझं काय गेलंय? किल्ली? मरायला ती टेकलीये. तिला इंजेक्शनं द्यायची, रोज. पुड्या चालू. सुया उकळायला येतोस?"

मी गेलो. सकाळच्या एस.टी.नं पोलादपूर, पुढे तासाभराची चढण. काका पुढे, एक खांदा खाली टाकून, दर शंभर पावलांवर थांबत. पिशवीत स्टो, काचेची पिचकारी, आणि चारचे शेंगदाणे. कशेडी घाटात दरड पडून दक्षिणेकडून येणारी औषधाची गाडी अडकली तेव्हा मला तिकडे चालत पिटाळलं, "तुला भाषणाची सवय आहे, दरडीला सांग बाजूला हो." असे टोमणे मी महिनोन् महिने खाल्ले. पाठीवर हात एकदाही ठेवला नाही. शेंगदाण्यातले अर्धे मात्र रोज द्यायचे.

पहिल्या दिवशी धोंडबा वाडीच्या तोंडाशी उभा होता, डोक्याला मुंडासं नाही.

"काका, माजा हात कदी चुकला नाय."

"हात नाही चुकला रे. वस्तू वाट्याची नव्हती."

"मंग आता मी काय करू?"

"तिच्यासमोर बस. पुडी पोटात गेली, राहिली, असं बघून ऊठ. ओकली तर पुन्हा दे. शिव्या देईल, ऐकून घे."

धोंडबा बसला. सून सासऱ्यासमोर तोंड उघडणार नाही, म्हणून पहिले दिवस दोघांचीही पंचाईत. मग आनंदीच म्हणाली, "मामंजी, तुमी पाठ करून बसा, मी उखाना घेते, अडखळले तर वळा." वाटे करताना पाठ करणारा तो माणूस, सुनेचा उखाणा ऐकत रोज पाठ करून बसायचा. इंजेक्शनांनी कानात भुंगा गुणगुणतोय म्हणायची आनंदी, कंबर दगडासारखी झाली होती. पुडी ओकायची, रडायची, पुन्हा घ्यायची. हरी मुंबईहून बरा होऊन आला तेव्हा त्यानं ओळखलं नाही तिला, इतकी वाळली होती. पण ताप हटला होता. पुढच्या वर्षी भातं कापून झाल्यावर काकांनी तिची सलग सहावी काच पाहिली आणि म्हणाले, "नाहीत." मग, "तरी पुड्या माघापर्यंत."

आनंदी आज जिती आहे. नाचणी कांडते. डाव्या कानानं कमी ऐकते.

त्या अंगणातून पान घेऊन गेलेल्या पुष्कळांना आनंदीसारखं नशीब मिळालं नाही. त्यांची नावं इथे लिहीत नाही, त्यांच्या घरी ती माहीत आहेत. मी नवं पत्रक काढलं, सगळं कबूल करून. ते कोणी शब्दशः घेतलं नाही. कमिटीनं किल्ली परत दिली नाही. झालं ते झालं, आता कशाला, असं अध्यक्ष म्हणाले. काका घरच्या ओसरीवर बसून काचा बघत राहिले, कोणी आणली तर.

गेल्या थंडीत ते गेले. आठचं अंडं खाऊन, पेपर वाचता वाचता. वय झालं होतं. कमिटीनं शोकसभा घेतली. ज्यांनी किल्ली घेतली तेच बोलायला उभे. काकांची मोठी तसबीर दवाखान्यात लावायचा ठराव झाला, आणि तिच्याखाली ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं, मला मथळे जमतात म्हणून.

मी लिहिणार नाही. आधी कमिटीच्या वहीतलं "औषध अडवून ठेवणे" खोडा, मग खिळा ठोका.

आणि वाचणाऱ्या, आता तुझ्याशी बोलतो. आता गोळ्यांचा तुटवडा राहिलेला नाही. सरकारी केंद्रातून फुकट मिळतात, पुडक्यानं घरी नेता येतात. म्हणूनच मला जास्त भीती वाटते. बरं वाटलं की पुडकं फळीवर जातं, शेजाऱ्याला खोकला झाला की त्यातलं अर्धं प्रेमानं शेजारी जातं, आणि पुन्हा पक्के तेवढे उरतात. तुझ्या आळीत, तुझ्या वाडीत, आज एक तरी माणूस हे औषध खातो आहे. तो कोण ते तुला माहीत आहे. उद्या सकाळी त्याच्या घरी जा. त्याच्यासमोर बस. गोळी गिळू दे, पुडी गिळू दे, तोंड उघडायला सांग. परवा पुन्हा जा. त्याला बरं वाटायला लागेल त्या दिवशी तर जाच, आणि डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत एकही सकाळ चुकवू नकोस.